वेषांतर केलेली पोलीस नायिका आणि शृंगारिक थरारकथा: कथानक किनाऱ्यावरून फोंड्यात आणावे का?

अंत्रुजवासिनी

नमस्कार.

गेली दोन वर्षे मी एका कादंबरीवर काम करीत आहे आणि आता अशा जागी अडले आहे की जाणत्या मंडळींशी बोलल्याशिवाय पुढचे प्रकरण हातून उतरणार नाही. कादंबरीची नायिका ३१ वर्षांची पोलीस उपनिरीक्षक आहे. एकामागून एक स्त्रिया बेपत्ता होत आहेत, काहींचे मृतदेह सापडले आहेत आणि या सगळ्यामागे एकच माणूस असावा असा तिला संशय आहे. त्याला गाठण्यासाठी ती नाव, गाव आणि वेष बदलून त्याच्या ओळखीत शिरते. तो स्त्रियांना जीव लावून, त्यांचा विश्वास संपादन करून मग मारणारा असल्यामुळे तिला त्याच्या फार जवळ जावे लागते आणि त्या जवळिकीत तिचे स्वतःचे मनही ठिकाणावर राहत नाही. ही कथा एकाच वेळी थरारकथा आणि शृंगारकथा व्हावी, अशी माझी पहिल्यापासूनची इच्छा आहे.

पहिला खर्डा मी गोव्याच्या किनाऱ्यावर रचला होता. कळंगुट, हणजूण, वागातोर, रात्रभर चालणारे संगीत, शॅकमधले मंद दिवे आणि परप्रांतातून आलेला देखणा, पैसेवाला खुनी, असा सगळा थाट होता. आमच्या वाचनकट्ट्यावर तो वाचून दाखवला तेव्हा दोन गोष्टी मनाला लागल्या. शृंगाराची चारही प्रकरणे गाळली तरी तपासाची कथा जशीच्या तशी उभी राहते, हे एका वाचकाने पानागणिक दाखवून दिले. आणि एका वयस्क बाईंनी शांतपणे विचारले, "हे सगळे गोव्याला आलेल्या लोकांचे झाले. आपल्याकडच्या मुलींना कोण कसे फसवतो, ते तुला ठाऊक नाही का?"

मला ते ठाऊक आहे. २००९ च्या एप्रिल महिन्यात महानंद नाईक याला अटक झाली तेव्हा मी उच्च माध्यमिकमध्ये शिकत होते. पूर्वी रिक्षा चालवणारा हा फोंडा तालुक्यातील माणूस; १९९४ पासून पुढच्या पंधरा वर्षांत १६ स्त्रियांचे खून केल्याचे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. लग्नाचे आमिष दाखवायचे, घरच्यांना भेटवतो म्हणून अंगावर दागिने घालून यायला सांगायचे, निर्जन जागी नेऊन ओढणीने गळा आवळायचा आणि सोने विकायचे, ही त्याची रीत वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचली. माझी धाकटी मावशी तेव्हा ३४ वर्षांची होती, अविवाहित होती आणि काजूच्या कारखान्यात कामाला जात असे. स्वतःच्या मजुरीतून केलेल्या दोन पाटल्या तिच्या हातांत असत. त्या दिवसांत एका संध्याकाळी न्हाणीत बसून तिने साबण लावून त्या उतरवल्या, पुसल्या आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या. मनगटांवर उमटलेले गोरे पट्टे तो उन्हाळाभर दिसत होते. त्या पाटल्या तिने पुन्हा घातलेल्या मी पाहिल्या नाहीत.

म्हणून आता कथानक फोंड्यात आणायचे ठरवीत आहे. मात्र मला तीन ठिकाणी मदत हवी आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात महिला पोलीस अधिकारी खरोखर वेष बदलून महिनोन्महिने वावरू शकेल का? खुन्याने एकांतात तिच्याजवळ कबुली दिली, तर ती न्यायालयात टिकेल का? आणि तिसरे, जे मला सर्वांत अवघड वाटते: तिच्या मनातली ओढ कशी लिहावी की ती वाचकासाठी मांडलेला देखावा होणार नाही?

खाकीनंतर

ताई, मी पोलीस सेवेतून निवृत्त झालेली बाई आहे. हुद्दा आणि नेमणुकांची ठिकाणे सांगत नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवातून देऊ शकते.

आम्ही त्या कामाला 'साध्या वेशात जाणे' म्हणत असू. ते काम बहुतेक वेळा काही तासांचे असते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली छापा घालायचा असेल, तर बनावट गिऱ्हाईक पाठवतात, पंच बरोबर असतात आणि झडतीच्या पथकात किमान दोन महिला पोलीस असाव्याच लागतात. बसस्थानकावर बायकांना त्रास देणारा कोणी असेल, तर एखादीला पिशवी घेऊन प्रवाशासारखे उभे करतात आणि दोघे-तिघे आसपास पेरलेले असतात. महिनोन्महिने खोट्या नावाने राहणे ही वेगळी गोष्ट आहे आणि गोव्यात तिच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण म्हणजे आपली माणसे. कोणाशीही ओळख झाली की पहिला प्रश्न 'तूं खंयची?' (तू कुठची?) असा येतो. आडनाव सांगितले की गाव विचारतात, गाव सांगितले की वाडा, वाडा सांगितला की कुलदैवत, आणि चौथ्या वाक्याला समोरच्या माणसाची कोणीतरी आत्या तुमच्या शेजारी राहत असते. फोंड्याची मुलगी फोंड्यात खोटे नाव घेऊन एक आठवडाही टिकणार नाही. तुमची नायिका दोडामार्ग किंवा सावंतवाडीकडची असल्याचे सांगू द्या, म्हापशात कुठेतरी नोकरी करते म्हणा, आणि त्या गावच्या देवळाची जत्रा कोणत्या महिन्यात असते, गावात बस कोणत्या बाजूने शिरते, हे तिने पाठ केलेले दाखवा. खुनी तिला हेच विचारील. प्रेमात पडलेला माणूसही हेच विचारतो, म्हणून तिला शेवटपर्यंत कळणार नाही की तो आपली चौकशी करतोय की आपल्यात गुंततोय.

दुसरे शरीराचे. वर्दी उतरवली तरी चाल उतरत नाही. बूट घालून वर्षानुवर्षे कवायत केलेली बाई टाच आधी टेकवते, उभी राहिली की पाय फाकवून दोन्हींवर सारखा भार देते आणि हात नकळत पाठीमागे बांधते. फोन वाजला की 'हो सर' हे शब्द आधी बाहेर पडतात. मी स्वतः एकदा तीन संध्याकाळी एका बसथांब्यावर साडी नेसून, पिशवीत नारळ आणि भाजी घेऊन उभी होते. पहिल्या दिवशी तिथल्या फुलवालीने मला दहा मिनिटांत ओळखले. तिने काही न बोलता अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माझ्या हातात दिली आणि हलक्या आवाजात सांगितले, "बाय, इतकी ताठ उभी राहू नकोस." तिसऱ्या संध्याकाळी तो माणूस सापडला. सगळे सुरळीत पार पडले. भीती वाटली ती मात्र घरी पोहोचल्यावर, कुलपाला किल्ली लावताना. हात इतका थरथरत होता की शेजारणीने दार उघडून दिले. तुमच्या कादंबरीत सगळी भीती प्रत्यक्ष प्रसंगातच संपून जात असेल, तर ती तिथून थोडी मागे ढकलून पाहा.

ओढीबद्दल एकच सांगते. पोलिसातल्या बाईला दिवसभर 'मॅडम' म्हणतात. घरी तिला उशीर का झाला ते विचारतात. तुम्ही लिहिलेल्या प्रकारचा माणूस दिसायला सामान्य असेल, पैसेवालाही नसेल, पण तो ऐकून घेतो. चार दिवसांपूर्वी तुम्ही डोके दुखत असल्याचे सांगितले होते, ते तो लक्षात ठेवतो आणि भेटल्यावर आधी त्याची विचारपूस करतो. तेच त्याचे शस्त्र असते. खोटे नाव घेऊन बसलेल्या बाईलाही त्याची भूल पडू शकते, कारण तिचे नाव खोटे असले तरी डोके खरेच दुखत होते.

सत्तरीकर

माझी एक नम्र हरकत नोंदवतो. त्या प्रकरणातील अनेक कुटुंबे आजही आपल्या आसपास राहतात. 'मुलगी लग्न करून कुठेतरी सुखात असेल' असे समजून ज्यांनी वर्षे काढली आणि मग एके दिवशी पोलीस दारात आले, त्या आईबापांच्या दुःखावर शृंगारकथा उभारणे मला पटत नाही. लिहू नका असे म्हणत नाही. पण काळ, पेशा, गावे आणि मृत स्त्रियांचे तपशील पूर्ण बदलावेत आणि खुनाचा प्रसंग शृंगाराच्या भाषेत कधीही लिहू नये, एवढी विनंती आहे.

अंत्रुजवासिनी

सत्तरीकर, आपली विनंती मला पूर्णपणे मान्य आहे. तपशील मी बदलत आहेच. मृत स्त्रियांपैकी कोणाचेही चित्रण प्रत्यक्षातील व्यक्तीवर बेतलेले नसेल. घरच्यांनी तक्रार का केली नाही, केली तर उशिरा का केली, यावर मात्र एक संपूर्ण प्रकरण आहे. 'पळून गेली' हे शब्द स्वतःच्या मुलीबद्दल पोलीस स्थानकात उच्चारावे लागतात, ही लाज त्या खुन्याच्या सर्वांत जास्त उपयोगी पडली, असे मला वाटते.

खाकीनंतर ताई, आपले ऋण मोठे आहे. दोडामार्गची कल्पना मी घेतली.

मांडवीकाठ

मी वकिली करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. एकांतात, अंधारात, खुन्याने नायिकेच्या कानात कबुली देणे हा अशा कथांचा ठरलेला कळस असतो आणि भारतीय कायद्यापुढे तो कळस जागच्या जागी कोसळतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत असे की, पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि हीच तरतूद आता कलम २३ मध्ये आहे. वेष बदललेल्या अधिकाऱ्यासाठी त्या शब्दांत कोणताही अपवाद केलेला नाही. तुमच्या नायिकेला हे प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून तोंडपाठ असणार. म्हणजे ज्या क्षणी तो माणूस तिच्याजवळ मन मोकळे करू लागेल, त्या क्षणी ऐकत असलेले प्रत्येक वाक्य न्यायालयात कवडीमोलाचे आहे हे तिला ठाऊक असेल, आणि तरीही ती त्याला थांबवणार नाही. का थांबवणार नाही, याचे उत्तर तुम्हाला शोधावे लागेल. माझ्या मते तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

कायद्यात एक वाट आहे. अटकेनंतर आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. पूर्वीचे कलम २७ ते हेच, आणि त्याची मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायालयाने, आखून दिली ती आजही पाळली जाते. या वाटेवर चालायचे तर नायिकेने कबुलीच्या मागे न लागता वस्तूंच्या मागे लागले पाहिजे. सोने कोणत्या सोनाराकडे गेले, त्याच्या वहीत काय नोंद आहे, एखादा दागिना न वितळता कुठे शिल्लक आहे का, मृत स्त्रीच्या बहिणीने तो ओळखला का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. सोने वितळले की ओळख संपते आणि मृतदेह वर्षानुवर्षांनी सांगाड्याच्या रूपात सापडला की शवचिकित्सेतूनही फारसे हाती लागत नाही. आपण उल्लेख केलेल्या प्रकरणात काही खटल्यांत शिक्षा झाली, पण अनेक खटल्यांत पुराव्याअभावी सुटका झाली, याचे कारण बऱ्याच अंशी या काळाच्या अंतरात आहे. त्याच २००९ साली शेजारच्या कर्नाटकात मोहन कुमार हा माजी शिक्षक पकडला गेला. लग्नाचेच आमिष, दागिने घालून यायला सांगणे तेच, फक्त ओढणीच्या जागी सायनाईड. २००३ ते २००९ या काळातील २० स्त्रियांच्या खुनांचे खटले त्याच्यावर चालले.

आणखी दोन गोष्टी. कथानक २०२४ नंतरचे असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हे ध्यानात ठेवा. आणि गोव्याची एक खास सोय तुमच्या कथेला फार उपयोगी पडेल. आपल्याकडे लग्नासाठी नागरी निबंधकाच्या कार्यालयात दोनदा जावे लागते: आधी दोघांनी इरादा नोंदवायचा आणि मधली मुदत संपली की पुन्हा जाऊन सही करायची. गोव्यातील कोणतीही जाणती मुलगी 'सही कधी करायची?' हे विचारणारच. कुठल्याही कागदावर नाव येऊ न देणारा माणूस या एका प्रश्नावर काय काय सबबी सांगतो, त्या नुसत्या एकापुढे एक ठेवल्या तरी वाचकाच्या अंगावर काटा येईल.

दर्यावाट

तुमच्या कथेसारखी गोष्ट प्रत्यक्षात घडली आहे आणि तिचा शेवट कोणत्याही कादंबरीपेक्षा वाईट झाला, म्हणून ती इथे मांडतो.

जुलै १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर एका तरुण आईचा तिच्या लहान मुलासमोर खून झाला. पोलिसांचा संशय जवळपास राहणाऱ्या एका एकलकोंड्या माणसावर गेला, पण त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. तेव्हा एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने 'ऑपरेशन एड्झेल' नावाची मोहीम आखली गेली. एका महिला पोलिसाने लिझी जेम्स हे खोटे नाव घेऊन त्याला पत्रे लिहायला सुरुवात केली. मग फोन, मग भेटी. खुन्याची लैंगिक कल्पनासृष्टी कशी असेल याचा एक आराखडा आधीच तयार होता, आणि या माणसाच्या मनातून त्या आराखड्याशी जुळणारे काही बाहेर येते का, हे पाहण्यासाठी ती पत्रांतून त्याला अधिकाधिक हिंस्र कल्पनांकडे नेत राहिली. तो आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस होता. ही बाई हातची जाऊ नये म्हणून तिला आवडेल ते लिहीत गेला. खून मात्र त्याने कधीच कबूल केला नाही, कारण त्याने तो केलाच नव्हता.

सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती ऑग्नॉल यांनी हा सगळा पुरावा फेटाळून लावला आणि पोलिसांच्या वर्तनावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. खरा खुनी रॉबर्ट नॅपर होता. डीएनए तपासणीतून त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर त्याने २००८ साली गुन्हा मान्य केला. मधल्या काळात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, त्याने आणखी एका तरुण आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला ठार मारले होते. निरपराध माणसाला २००८ मध्ये ७ लाख ६ हजार पौंडांची भरपाई मिळाली. लिझी जेम्स झालेली अधिकारी त्याआधीच मनाने खचून नोकरी सोडून गेली होती; तिलाही पोलीस खात्याकडून २००१ साली १ लाख २५ हजार पौंड मिळाले.

ही हकिगत मी कितीदा वाचली असेल, तरी प्रत्येक वेळी त्या पत्रांपाशी थांबतो. एका टोकाला नाटक करणारी बाई, दुसऱ्या टोकाला तिला खूश करण्यासाठी नाटक करू लागलेला माणूस, आणि दोघे मिळून एक तिसराच खुनी कागदावर तयार करीत आहेत. तुमच्या नायिकेला संशय आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिला खात्री आहे असे लिहिलेले नाही. मग वाचकालाही दोनशे पानांपर्यंत खात्री देऊ नका. ती त्याच्याकडे ओढली जाते ते तो निरपराध असावा अशी इच्छा तिच्या मनात उगवल्यामुळे असेल, आणि ज्या वेळी तो तिच्या मनासारखे वागतो त्या प्रत्येक वेळी, हा खरा असा आहे की माझ्यासाठी असा होतो आहे, हा प्रश्न तिला पडत असेल, तर शृंगार आणि तपास हे दोन वेगळे धागे उरतच नाहीत. शृंगाराची प्रकरणे गाळून दाखवणाऱ्या तुमच्या त्या वाचकाला मग एक ओळही गाळता येणार नाही.

रंगपीठ

मी आयुष्यभर देवळांच्या जत्रांत मराठी नाटके बसवली, त्यामुळे माझे उत्तर थोडे जुन्या वळणाचे असेल. शृंगार आणि भयानक हे परस्परविरोधी रस आहेत, असे आपले शास्त्र सांगते, आणि तुमचा सगळा प्रश्न या विरोधाचाच आहे. नवव्या शतकातील काश्मीरचा आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, याचा फार सूक्ष्म विचार करतो. एकाच व्यक्तीच्या मनात दोन विरोधी रस एकदम भरले की दोन्ही मरतात, म्हणून त्यांचे आश्रय, म्हणजे ज्यांच्या मनात ते रस वसतात त्या व्यक्ती, वेगळे करावेत, असा एक उपाय तो देतो. दुसरा उपाय म्हणजे दोहोंच्या मध्ये दोघांशीही पटणारा तिसरा रस आणणे. 'नागानंद' नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत ठेवला आहे, तसे.

पहिला उपाय तुमच्यासाठी आहे. नायिकेच्या मनात त्या क्षणी फक्त ओढ असू द्या आणि भीती दुसऱ्या कोणाच्या तरी मनात ठेवा. रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणारा, बनून उभा राहिलेला तिचा सहकारी शिपाई आहे, असे समजा. तो लांबून सगळे पाहतो आहे, त्याला ऐकू काही येत नाही आणि जे दिसते त्याचा अर्थ त्याला वेगळा लागतो. एकच कृती, दोन आश्रय. वाचक दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि तिथून त्याला हलता येत नाही.

दुसरे, अंगाला अंग लागण्याची घाई करू नका. आमच्या एका नाटकात नायक-नायिका रात्री चोरून भेटतात असा प्रवेश होता. तालमीत दोघांना अगदी जवळ उभे केले तर समोर बसलेली मंडळी पान लावत बसायची. मग मी दोघांच्या मध्ये तुळशीवृंदावन आणून ठेवले आणि नायिकेला सांगितले की तू फक्त वृंदावनाच्या कडेवर हात ठेव. त्याने दुसऱ्या कडेवर ठेवला. दोन हातांत वीतभर अंतर होते. प्रयोगात त्या प्रवेशाला मंडपातली लहान मुलेही गप्प झाली होती.

अंत्रुजवासिनी

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले की काल रात्री मी झोपलेच नाही. पहाटेपर्यंत एक प्रसंग लिहीत बसले. तो थोडक्यात सांगते.

फोंड्याच्या कदंब बसस्थानकाबाहेर संध्याकाळची वेळ आहे. ती 'सही कधी करायची?' असे तिसऱ्यांदा विचारते. तो उत्तर देत नाही, तिचा हात हातात घेतो. अंगठा मनगटावर ठेवतो, मग पाटलीच्या आत सरकवतो, पाटली किंचित वर उचलतो, तळहातावर क्षणभर तोलून धरतो आणि हळूच पुन्हा खाली सोडतो. तिच्या पाठीतून एक लहर निघून जाते. इतक्या वर्षांत कोणी असा, घाई न करता, तिचा हात धरलेला नाही. पलीकडे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर बसलेल्या शिपायाने आदल्या आठवड्यात चार सोनारांचे जबाब नोंदवलेले आहेत. दुकानात आलेला दागिना सोनार तराजूत टाकण्याआधी हातावर कसा तोलतो, ते त्याने चार वेळा पाहिले आहे. त्याला ती हालचाल ओळखीची वाटते, पण कुठे पाहिली ते त्या क्षणी आठवत नाही. नायिकेला त्याचा उलगडा दुसऱ्या रात्री होतो, अंधारात पडल्या पडल्या तोच स्पर्श पुन्हा आठवीत असताना.

हा प्रसंग आता गाळता येत नाही, गाळला तर तपासही थांबतो. दर्यावाट, आपल्या सांगण्याप्रमाणे मी अजून एक दार उघडे ठेवले आहे: त्याचा बाप सोनाराकडे कारागीर होता, असे तो पुढे सांगतो, आणि ते खरे निघते.

खाकीनंतर ताई, एक शेवटची शंका आहे. हातावर तोलणाऱ्याला खोटे दागिने तत्काळ कळतील. मग तिच्या हातात खरे सोने कोठून येईल? खाते देते का?

खाकीनंतर

खाते सोने देत नाही, ताई. जप्त केलेले सोने मुद्देमाल असते आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. तिने घरचेच घालावे. तुमच्या मावशीसारखी कोणी तिला असेल तर तांदळाच्या डब्यातून काढून देईल.

पण त्याआधी एक काम होईल, ते जरूर लिहा. लाचेच्या सापळ्यात नोटांचे क्रमांक आधी पंचनाम्यात लिहून घेतात, तसा या पाटल्यांचाही पंचनामा करावा लागेल. दोन पंच बसतील, सोनार बोलावला जाईल, एकेक पाटली तोलून वजन सांगेल, कुठे चेपलेली आहे, कुठे डाग दिलेला आहे ते पाहील आणि आतल्या अंगाला नखाएवढी खूण करील. हवालदार हे सगळे लिहून काढील. मग तो कागद वाचून पाहण्यासाठी नायिकेपुढे सरकवतील. या पाटल्या पुढे कुठे, कोणाच्या दुकानात किंवा कोणत्या झाडीत सापडल्या, तर त्या तिच्याच होत्या हे ओळखता यावे म्हणून तो केलेला आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असेल. ती वाचील, खाली सही करील, आणि दोन्ही हात पुढे करील, म्हणजे सोनाराला त्या पुन्हा चढवता येतील.